चौथी हाक

त्या संध्याकाळी मी नदीवर गेले ती धाकट्या बहिणीला, लातसामीला, आणायला. बहीण तेव्हा घरात अंथरुणावर पडलेली होती. ऐकायला कसंसंच वाटतं, पण आमच्या गावात कुणालाही त्यात नवल वाटलं नव्हतं.

सांगते. दिवा जरा इकडे सरकवा. सणाला आलेली लातसामीची मुलं वियेंतियान शहरात परत गेली आहेत, म्हणून सांगते. त्यांच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका. त्यांची आई फार चांगली बाई होती, आणि त्यांनी तिला तसंच आठवावं.

एक्केचाळीस वर्षं झाली. नदी आटली की मधोमध वाळूची बेटं वर येतात, त्यांवर आम्ही भुईमूग आणि तंबाखू लावतो. त्या वर्षी आमच्या वाफ्यांना पाणी घालायला लातसामी रोज होडीतून जायची आणि तिच्याबरोबर शेजारची ओन्सी. दोघी एकोणीस वर्षांच्या. ओन्सी म्हणजे विधवा खामदीमावशीची एकुलती एक. माझी बहीण अबोल, ओन्सी तोंडाळ. आमच्या लातसामीला आंबवलेल्या मासळीचा वास सोसायचा नाही, ती ताटावरून उठून जायची. ओन्सी ती मासळी बोटांनी चाटून खायची आणि माझ्या आईला म्हणायची, "मावशी, हिला नवरा फ्रान्सहून मागवा. इथे हिला कोण नांदवणार?"

लातसामी मला नुसतं 'ताई' म्हणायची. ओन्सी नाव घेऊन, 'चंदारा ताई'. एवढं लक्षात ठेवा.

काढणीच्या दिवशी होडीत ओझं जास्त झालं. वळणावर, जिथे पाणी वरून गुळगुळीत दिसतं आणि खालून फिरतं, तिथे होडी उलटली. एका कोळ्याने लातसामीला केसांना धरून वर काढलं. ओन्सी सापडली नाही. तीन दिवस खालच्या गावांपर्यंत माणसं शोधत होती.

लातसामी घरी आली, पण आली असं म्हणवत नव्हतं. डोळे उघडे, श्वास चालू, आणि तोंडात घातलेली पेज ओठांच्या कोपऱ्यातून परत बाहेर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. अंगाला काही झालेलं नाही म्हणाले. मग आईने सीफान आजोबांना बोलावलं. गावातले असले विधी तेच करायचे. त्यांनी तिचं मनगट बराच वेळ धरून ठेवलं आणि सांगितलं, की अंग आलंय, ख्वान पाण्यातच राहिलंय. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान, बत्तीस प्राण, वस्तीला असतात. जबर भीती बसली की एखादं तिथेच मागे राहतं, आणि मग घरच्या कुणीतरी जाऊन त्याला नाव घेऊन परत आणावं लागतं. आईचे पाय धड चालत नव्हते. राहिले मी.

आजोबांनी नीट समजावलं. दिवेलागणीला जायचं. मासळी उपसायचं दांड्याचं जाळं न्यायचं, तिचं पोलकं, उकडलेलं अंडं, भात, केळं. तीनदा नाव घेऊन हाक मारायची, तीनदा जाळं पाण्यातून ओढायचं, पोलकं त्यात ठेवून तोंड मुठीत धरायचं आणि सरळ घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही. मागून कुणीही, कुठल्याही आवाजात हाक मारली तरी वळायचं नाही.

"पाण्याला सगळ्यांचे आवाज काढता येतात," ते म्हणाले.

मी निघणार इतक्यात खामदीमावशी आमच्या खांबांवरच्या घराच्या जिन्याखाली उभी दिसली. हातात ओन्सीचं पिवळं पोलकं. तीन दिवसांत तिच्या तोंडाची रया गेली होती. आजोबा वरूनच तिला नाही म्हणाले. जिचं अंगच मिळालं नाही तिला बोलवायचं नसतं, ती येऊन राहणार कुठे? मावशीने वाद घातला नाही. मी खाली उतरले तेव्हा फक्त माझ्यापुरतं बोलली.

"तुझी घरात तरी आहे, चंदारा. माझ्या पोरीला एकदा हाक मारायलाही कुणी नाही."

मी ते पोलकं घेतलं आणि टोपलीच्या तळाशी ठेवलं. त्या बाईला नाही म्हणणं मला जमलं नाही. आजही जमलं नसतं.

नदीवर कुणी नव्हतं. पलीकडच्या थायलंडच्या काठावर दोन-तीन दिवे लागले होते. वारा पडलेला. चिखलाचा, शेवाळाचा वास, आणि त्यात कसलातरी गोड, कुजल्या फुलांसारखा वास मिसळलेला. मी गुडघाभर पाण्यात उतरले. भात, अंडं, केळं पानावर ठेवून सोडलं. पान वाहून जायला हवं होतं, ते माझ्यासमोरच थांबून राहिलं.

"लातसामी, चल घरी," मी म्हटलं आणि जाळं ओढलं. रिकामं. पाणी गळून गेलं आणि दांडा पिसासारखा हलका झाला. दुसऱ्यांदा हाक मारली, तसंच. तिसऱ्यांदा मारली तेव्हा पाण्याखाली, अगदी माझ्या पायांजवळ, काहीतरी हललं असं वाटलं. जणू कुणी निघालं आणि कुणी त्याला धरलं. जाळं मात्र रिकामंच वर आलं.

हाका संपल्या होत्या. मला रडू फुटलं. आणि मग टोपलीतलं ते पोलकं आठवलं. इथवर आलेच आहे, तर त्या माउलीचा शब्द राखावा, असं मनात आलं. मी जाळं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि हळूच, कुणी ऐकू नये अशी, चौथी हाक मारली.

"ओन्सी… चल घरी."

जाळं जड झालं.

मासळीचं वजन हाताला धडपडतं. हे धडपडत नव्हतं. झोपलेलं मूल कडेवर जड होतं ना, तसं होतं. मी ते वर घेतलं तर आत काहीच नाही, नुसतं ओलं जाळं. त्याच क्षणी ते पाण्यात परत सोडायला हवं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, की ही लातसामीच, तिसऱ्या हाकेला निघालेली, उशिरा पोचली. मी लातसामीचं पोलकं आत ठेवलं, तोंड मुठीत आवळलं आणि काठावर चढले.

दहा पावलं गेले असेन.

"ताई…"

अगदी हळू. पाण्याच्या काठाशी.

"ताई, मी मागे राहिले ना…"

माझे पाय थांबले. मान वळायला निघाली होती. आणि सीफान आजोबांचे शब्द आठवले. पाण्याला सगळ्यांचे आवाज काढता येतात. मी दात आवळले आणि चालू लागले, मग जवळजवळ धावू लागले. बांबूच्या बेटापर्यंत तो आवाज येत होता. रागाचा नव्हता. लहानपणी बाजारातून येताना तिला माझ्याबरोबर चालवत नसे, तेव्हा ती अशीच हाक मारायची.

आई जिन्यावर वाट पाहत होती. तिने रीतीप्रमाणे विचारलं, "आली का?"

मी म्हटलं, "आली."

कोण आली, ते विचारायची रीत नाही.

जाळं अंथरुणावर उघडलं, पोलकं तिच्या छातीवर पसरलं. सीफान आजोबा मनगटाला पांढरं सूत बांधू लागले. ते दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा बांधताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. थोड्या वेळाने लातसामीने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. आई हुंदके देत तिच्या पायांवर पडली. ती आईच्या डोक्यावरून पलीकडे, माझ्याकडे बघत होती.

"चंदारा ताई," ती म्हणाली, "भूक लागलीय. आंबवलेली मासळी आहे का?"

आईला आनंदात काही कळलं नाही. मी उठले, भात आणला, मासळी आणली. तिने बोटं चाटून खाल्ली.

पुढच्या आठवड्यात खामदीमावशी आमच्या जिन्यावर येऊन बसली. मुलीला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि तिने रडणं थांबवलं होतं. आमच्या घरातली ती मावशीच्या पुढ्यात जाऊन पाठमोरी बसली आणि मावशी तिचे केस विंचरू लागली. जाताना मावशीने मला बांबूच्या कोंबांची टोपली दिली.

"तुझ्या आईला तिची मुलगी दिसतेय," ती म्हणाली. "मलाही माझी दिसतेय. तू गप्प राहा, बाळा."

मी गप्प राहिले. बोलून काय करणार होते? ख्वान परत पाण्यात सोडायचं, तर आईसमोर ते अंग पुन्हा तसंच उघड्या डोळ्यांनी पडलं असतं. आणि जी पोर समोर बसून जेवत होती, हसत होती, तिला मी मारलं असतं. अशी मी रोज स्वतःची समजूत काढायची. ती समजूत सूर्य मावळेपर्यंत टिकायची.

दुसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. ती आईला मांडीवर घेऊन औषध देत होती, तेवढ्यात मी जाळं उचललं आणि वळणावर गेले. पाण्यात उतरले. नाव घेतलं नाही, नुसती उभी राहिले. नदी शांत होती, आणि त्या शांततेत, हाताच्या अंतरावरून, एकोणीस वर्षांच्या माझ्या बहिणीने विचारलं,

"ताई, जागा झाली का?"

मला जाळं पाण्यात बुडवता आलं नाही. तिला आणून ठेवणार कुठे होते? मी "अजून नाही" एवढंही म्हणाले नाही. उलट्या पावलांनी काठावर आले. त्यानंतर मी कधी त्या बाजूला गेले नाही. पाणी आणायलाही दुसऱ्या घाटाने जायची.

घरातली ती मात्र सुखाने जगली. लग्न झालं, तीन मुलं झाली. खामदीमावशीचं म्हातारपण तिने काढलं आणि माझ्या आईचंही, पोटच्या मुलीने काढावं तसं. नवरा गेल्यावर ती माझ्याकडेच येऊन राहिली. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघी एकाच चुलीवर भात वाफवत म्हाताऱ्या झालो. मी तिच्यावर माया केली, हे खोटं सांगत नाही. फक्त कुणी मागून 'लातसामी' म्हटलं, की ती नेहमी किंचित उशिरा वळायची.

गेल्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दुपारी तिने माझा हात धरला.

"चंदारा ताई, तू ओळखलं होतंस ना?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मला जेवायला का दिलंस?"

"तुला भूक लागली होती," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, की एक गोष्ट सांगून जायची आहे. पाण्यात त्या दोघी एकमेकींना धरून होत्या. माझी पहिली हाक आली तेव्हाच लातसामी निघाली होती.

"मी तिचा हात सोडला नाही," ती म्हणाली. "एकटी राहायची भीती वाटली गं. तीनही हाकांना मी तिला धरून ठेवलं… चौथी माझी आली. मग सोडला."

एक्केचाळीस वर्षं मी तो दोष एकटीचा समजून वाहिला होता. हलकं वाटायला हवं होतं. पण मला तिसऱ्या हाकेच्या वेळी पायांजवळ झालेली ती ओढाताण आठवली, आणि माझ्या बोटांनी तिची बोटं सोडली. पाणी आणते, असं म्हणून मी उठले. चुलीपाशी नुसतीच उभी राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. परत आले तेव्हा ती गेली होती. हात तसाच उघडा, माझ्या बाजूला पसरलेला.

भिक्खूंनी तिला लातसामी म्हणून निरोप दिला. मीही मान डोलावली.

मग मृतांचा सण आला. पहाटे केळीच्या पानांत भाताच्या पुड्या बांधून आम्ही जमिनीवर ठेवतो, गेलेल्यांची नावं घेतो. मुलं पुढे गेली होती, आईची पुडी विहाराच्या भिंतीपाशी ठेवायला. मी मागे राहिले, आणि एक पुडी घेऊन चाळीस वर्षांनी वळणावर गेले. पुडी ओल्या वाळूवर ठेवली. पूर्वी आवाज यायचा तिकडे तोंड केलं आणि म्हटलं, "लातसामी, जागा झाली. ये."

कुणी बोललं नाही. नदी पुराची होती, तिचाच काय तो आवाज. वाटलं, फार उशीर झाला. निघून गेली असेल, किंवा रुसली असेल. वाट बघून बघून माणूस रुसणारच. मी रडतच घरी आले. येताना मागे वळून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. वाट रिकामी होती.

मुलं परत गेली त्याला आज अकरा दिवस झाले. घरात मी एकटी. संध्याकाळी एका माणसापुरते, मूठ मोजून तांदूळ भिजत घालते आणि मडक्यावर झाकण ठेवते. सकाळी उघडते तेव्हा आत दोघींना पुरतील एवढे असतात.

मी काही विचारत नाही. सगळे वाफवते, दोन डब्यांत भरते आणि जिन्याकडे तोंड करून बसते. जेवायला मात्र अजून कुणी वर आलेलं नाही.