डावी बाजू

भाट्याच्या खाडीपुलावरून पावसकडे निघालं की किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाला पाठ करून बसलेलं एक चिऱ्याचं घर लागतं. त्या घराच्या पडवीत रूपेश गाड्या बनवतो. खऱ्या नव्हेत, हातभर लांबीच्या. दिवसभर आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवायचं आणि घरी येऊन पुन्हा कानसच घेऊन बसायचं, याला काय म्हणावं? शेजारी म्हणतात, वेळेवर लग्न झालं असतं तर ही पाळी आली नसती. रूपेश हसतो आणि मोजमापाचा व्हर्निअर पुसतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा स्वभाव.

गाड्याही साध्या नाहीत, ड्रॅग रेसच्या. मागची दोन चाकं माणसाच्या कमरेएवढी, पुढची दोन सायकलीची असावीत तशी आणि मधे लांबलचक नळ्यांचा सांगाडा. पाव मैल सरळ पळायचं, चार-पाच सेकंदांत, की संपली शर्यत. रूपेश त्या खऱ्याच्या सोळाव्या हिश्शात बनवायचा. इंजिनाच्या नळीला जोड असेल तर इथेही जोड, खिळा असेल तर इथेही खिळा.

"वळत नाय ती गाडी कसली रे?" त्याची आई जनी एकदा म्हणाली होती. उभा जन्म तिनं मासळीबाजारात काढला. आता गुडघ्यांनी घरात बसवलं, जिभेला मात्र सुट्टी दिली नाही. "गेली ती परत कशी येनार?"

तेव्हा दर्शन होता. त्यानं सांगितलं, "तिकडच्या टोकाला मानूस थांबलेला असतो आये. तो बांधून ओढून आनतो."

दर्शन रूपेशचा धाकटा भाऊ. या गाड्यांचं वेड मूळचं त्याचंच. जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. अमेरिकेतल्या बंदरात जहाज लागलं की शर्यत बघायला पळायचा आणि दादाला फोटो धाडायचा. २०१८च्या नोव्हेंबरात एका निळ्या गाडीचे चार फोटो आले. त्यानंतर १९ तारखेला, भर समुद्रात, सकाळच्या हजेरीला दर्शन जहाजावर नव्हता. कंपनीनं त्याची पेटी पाठवली आणि सोबत एक पत्र. पत्रात 'बेपत्ता' असा शब्द होता.

त्या एका शब्दानं संध्याचं, दर्शनच्या बायकोचं, काय झालं ते गावानं पाहिलं. हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी आल्या की करंडा हातात धरून थबकायच्या. लावावं की लावू नये? संध्या मग स्वतःच उठून पाणी प्यायला जायची. या नोव्हेंबरात सात वर्षं होत होती. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असं कायद्याला धरता येतं. कोर्टात अर्ज करायचा ठरवलं ते संध्यानं.

"दादा, मला त्यांचं काही नको," ती रूपेशला म्हणाली होती. "मी कोण आहे ते तरी कळू दे."

रूपेशला तिचं पटलं. सोमवारी वकिलांकडे त्याची सही व्हायची होती. त्याआधी दर्शनची निळी गाडी पुरी करायची, असं त्यानं मनाशी धरलं. भावाला दुसरं काय देणार?

अडचण एकच होती. चारही फोटो उजव्या बाजूचे. डावी बाजू कुठंच दिसत नव्हती. अंदाजानं काम करायचं रूपेशच्या जिवावर आलं, पण इलाज नव्हता. डाव्या अंगाला टाकीजवळ त्यानं एक पत्र्याचं ठिगळ कल्पून बसवलं. सहा रिव्हेट. सहावा वाकडा बसला. मग शेवटचा चकाकीचा हात दिला आणि वाळत ठेवताना आईनं हाक मारली म्हणून मान वळवली, तर ठिगळाच्या पुढे आंगठा टेकला. ओल्या रंगात अख्खा ठसा उठला. त्याच्या आंगठ्यावर आडवा वण आहे. लहानपणी दोघे भाऊ खडपावर कालवं काढत असताना दर्शनची कोयती निसटली, तेव्हाचा. तो वणसुद्धा उठला.

फिटर असून ओल्या रंगाला हात? रूपेश स्वतःवरच चिडला. रंग पक्का झाला की घासून काढू, म्हणून ती बाजू भिंतीकडे करून ठेवली.

चालकाची मूर्तीही जमली नाही. भेगा बुजवायच्या लांबीतून घडवलेला बोटभर पुतळा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. चेहरा दर्शनचा काढायला गेला तो भलताच झाला. रंग सुटावा म्हणून त्यानं तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साबणाच्या पाण्यात टाकला, वर झाकण लावलं आणि बरणी फळीवर सारली. पुढे तीन आठवडे आयटीआयच्या परीक्षांत ते राहूनच गेलं.

रविवारी सकाळी संध्या पालीहून आली. तिथं ती बालवाडीत शिकवते, माहेरीच राहते. हातात पाकीट होतं.

"वकिलांनी शेवटच्या संपर्काचा पुरावा मागितला," ती म्हणाली. "पेटीत ह्यांचा दुसरा फोन होता ना, खारवलेला, तो मारुती मंदिराकडच्या दुकानात उघडून घेतला. फोटो निघाले. तुम्हाला हवी होती ती बाजू पण आहे बघा."

रूपेशनं हात पुसले आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरले. निळी गाडी. डावी बाजू. टाकीजवळ पत्र्याचं ठिगळ. सहा रिव्हेट, सहावा वाकडा.

"असं असतं कधीकधी," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. दर्शननं हा फोटो पूर्वी पाठवला असेल, आपण बघून विसरलो असू, असं त्यानं मनाशी जुळवून पाहिलं. जुळत होतं. मग त्यानं दुसरा फोटो घेतला.

ठिगळाच्या पुढे निळ्या रंगात गोल गोल रेषा होत्या. ताटाएवढा घेर. मधून आडवी, वीतभर लांबीची खाच.

"हे कसलं चित्र आहे हो?" संध्यानं विचारलं.

रूपेशनं शिक्क्याची शाई काढली, आंगठा बुडवला, कागदावर दाबला. भिंग लावून एकेक रेष पाहिली. वण खालच्या टोकाला दुभंगलेला होता, फोटोतही दुभंगलेला होता. व्हर्निअरनं वण मोजला, ठसा मोजला, फोटोतलं दोन्ही मोजलं. प्रमाण तेच. कागदावर हिशेब मांडायला गेला, तर पेन्सिलीचं टोक मोडलं.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती, १७ नोव्हेंबर २०१८.

रूपेशला भीती वाटली. चाळिशी उलटलेल्या, शिकल्यासवरल्या माणसाला आपल्याच आंगठ्याची भीती वाटली. रंग लावून महिनाही झाला नव्हता. मग सात वर्षांपूर्वी तिथं कोण टेकलं?

"आणखी एक आहे," संध्या म्हणाली. "ह्यात हे स्वतः आहेत. पण कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत."

शेवटच्या फोटोत दर्शन गाडीला चिकटून उभा होता. एक पंजा त्यानं ठशातल्या खाचेवर ठेवला होता, ओळखीच्या माणसाच्या हातावर ठेवावा तसा. मान वर केलेली. वर काहीच नव्हतं, मोकळं आभाळ. तरी तो बघत होता, छपरावरून कुणी हाक मारल्यावर बघावं तसा.

रूपेशनंही वर पाहिलं. पडवीची कौलं होती, वासे होते, एक कोळ्याचं जाळं होतं.

मान खाली आणताना त्याची नजर फळीवर गेली. बरणीवर.

तो उठला. संध्या काहीतरी विचारत होती, ते त्याला ऐकू आलं नाही.

बरणीतलं पाणी गढूळ निळं झालं होतं. पुतळा तळाशी होता. रंग सगळा सुटला होता, चेहराही.

दोन्ही हात त्यानं स्टिअरिंगवर घडवले होते. ते त्याला नीट आठवत होतं.

उजवा हात डोक्याच्या वर होता. बोटं पसरलेली.

लांबी एकदा कडक झाली की पाण्यानं मऊ होत नाही. हे तो दरवर्षी पोरांना शिकवतो.

झाकण फिरवून त्यानं चिमट्यानं पुतळा वर काढला, सदऱ्यानं टिपला आणि खिडकीत, उन्हात, उताणा ठेवला.

"उद्या अकराला जायचंय," संध्या म्हणाली. "दादा?"

"उद्या नको."

"का?"

"सुकायला वेळ लागेल."

संध्याचा आवाज फाटला. "सात वर्षं थांबले मी. आता काय सुकायचं राहिलंय? माझं काय, दादा?" रूपेशजवळ तिला देण्यासारखं काहीच नव्हतं. आपण तिच्यावर अन्याय करतोय हे त्याला कळत होतं. ती फोटो तिथंच टाकून एसटीला निघून गेली.

सोमवारी रूपेश वकिलांकडे गेला नाही. मंगळवारी सकाळी पुतळ्याखाली रुपयाएवढं पाणी साचलं होतं. त्यानं पुसलं. दुपारच्या उन्हात पुन्हा तेवढंच. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही तेच. जागा बदलून पाहिली, खाली टीपकागद ठेवला, बल्ब लावला. व्हर्निअरनं रोज थारोळं मोजून तो वहीत लिहायचा. आकडा एका केसानंही हलत नव्हता.

नवव्या दिवशी पाणी नव्हतं. त्या जागी थोडी रेती होती, चिमूटभर, ओलसर.

जनी लंगडत पडवीत आली होती. आपलं हे काय चाललंय ते त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तिनं वाकून ती रेती उचलली आणि बाजारात मिठाची पारख करायची तशी दोन बोटांत चोळली.

"ही आपली भाट्याची," ती म्हणाली.

मग ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दर्शनचा पंचा होता. तो तिनं झटकला, दारामागच्या खुंटीला लावला, आणि दाराची कडी काढून ठेवली.