भोकाची कड

"नोरीन, हे माझं नाही," डेल्मर म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला.

ओहायोतल्या त्या मोटेलच्या हॉलमध्ये काडतुसं जमवणाऱ्यांचा मेळा भरला होता. बापलेक जेवून परतले, टेबलावरची चादर काढली, तर सगळं जागच्या जागी. चादर झाकली की त्या टेबलाला कोणी हात लावायचा नाही, हा इथला जुना शिरस्ता. लाल टोकाचं ते प्रायोगिक काडतूसही डबीत होतं. लष्कराने मूठभर बनवून नाद सोडलेलं, दुर्मीळ.

"तसंच तर दिसतंय, बाबा. पुंगळीला भोकही आहे."

भोक म्हणजे पुंगळीतली, काडतुसाच्या मागच्या नळीतली, दारू काढल्याची खूण. त्याशिवाय काडतूस टेबलावर मांडताच येत नसे.

"हलकं आहे. नकली ठेवून खरं नेलंय." डेल्मरने आवाज खाली आणला. "पोरी, माझी पुंगळी रिकामी होती. पण टोकाच्या गोळीच्या पोटात स्फोटक आहे. ते मी काढलंच नाही."

नोरीनने हॉलभर नजर फिरवली. या लोकांना काडतूस उभं चिरून आतली रचना पाहायची भारी हौस. चोराने ते चिरायला घेतलं तर?

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगा, बाबा."

"क्लबचा चाळीस वर्षांचा सभासद आहे गं मी. भरलेलं आणलं म्हणून कायमचा हाकलतील."

ते नकली काडतूस उचलून ती शेजारच्या टेबलाशी गेली. तिथला ओटिस प्रूएट काडतुसं चिरण्यात पटाईत होता. पहिला संशय त्याच्यावरच.

"जेवणाच्या वेळी कुठे होतात?"

"इथेच. डुलकी लागली होती."

"नेमकी तेव्हाच?"

"बाई, सत्तरी उलटली माझी. जेवलं की लागतेच."

तिने त्याच्या एका काडतुसावर बोट फिरवलं. भोकाची कड कचकन बोचली.

"भोक पाडलं, काम झालं," ओटिस म्हणाला. "लग्नात मिरवायचंय का त्याला? तुझ्या बाबाचीही अशीच असतात."

नोरीनने हातातल्या नकली काडतुसाचं भोक चाचपलं. कड लोण्यासारखी गुळगुळीत होती.

पलीकडचं टेबल टिलफर्ड यान्सीचं. बाबांचा जिवलग मित्र, क्लबचा सचिव. टेबल झाकलेलं होतं. नोरीनने सरळ चादर उचलली. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. तिने चार काडतुसं भराभर चाचपली. चारही गुळगुळीत.

"टिलफर्ड काका कुठे आहेत?"

"खोलीत," ओटिस म्हणाला. "माझी करवत मागून नेली मघाशी."

ती धावत सुटली. नऊ नंबरच्या दाराआड करवतीची बारीक खरखर चालू होती. दार वाजवायचीही तिला भीती वाटली. धक्का लागला तर?

"टिलफर्ड काका," ती हळू म्हणाली, "करवत थांबवा. कशालाही धक्का न लावता बाहेर या. गोळी भरलेली आहे."

खरखर थांबली. टिलफर्ड बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोटेल रिकामं केलं, पोलिसांना फोन गेला. डेल्मरसह तिघं दूर आवाराच्या टोकाशी उभे राहिले.

"कसं ओळखलंस?" टिलफर्डने विचारलं.

"भोकावरून. बाबांची कड बोचते, ओटिसची बोचते. तुम्ही मात्र प्रत्येक भोक पॉलिश पेपरने घासता, शेजारच्या काडतुसाला ओरखडा पडू नये म्हणून. नकली करतानासुद्धा तुम्हाला राहवलं नाही. आणि तुमच्यासारख्या घरच्या माणसाने आमच्या चादरीला हात लावला तर कोण बघतंय?"

टिलफर्डने मान खाली घातली. "चाळीस वर्षं विचारतोय, गोळीच्या पोटात काय आहे. हा म्हणतो, काही नाही. माझी नजर चाललीय, नोरीन. आता नाही तर कधी बघणार होतो?" मग तो डेल्मरकडे वळला. "मला तरी खरं सांगायचंस."

"तू सचिव. लगेच मला बाहेर काढलं असतंस."

"काढलं असतं. आणि आज खोलीत मरता मरता वाचायची वेळही आली नसती."

पोलिसांच्या गाडीतून अधिकारी उतरला. "ते स्फोटक इथे कोणी आणलं?"

चोरी टिलफर्डची होती. हाही आळ त्याच्यावर सहज ढकलता आला असता. नोरीनने बापाकडे पाहिलं. डेल्मर एक पाऊल पुढे झाला.

"मी आणलं," तो म्हणाला. "भरलेलं होतं, आणि मला ते माहीत होतं."