काचेवरची यादी

कर्वेनगरच्या चौकात शेफालीची छोटी गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्या दुचाकीवरचा माणूस हॉर्न न वाजवता उतरून खिडकीशी आला.

"काचेवर लिहिलंय, 'हॉर्न वाजवू नये, उपयोग होत नाही.' म्हणून चालत आलो."

ती अक्षरं बाबांची होती. गाडी विकणे आहे. क्लच जड. एसी लहर लागली तर गार. पुढचं डावं चाक खड्ड्यात कुरकुरतं... घेणाऱ्याला आधी दोष सांगायचे, गुण त्याचे त्याला कळतात, ही त्यांची पद्धत. दुखण्यात लिहिलेला तो कागद, बाबा जाऊन चार महिने झाले तरी तिनं काढला नव्हता. भाऊ रोज फोनवर म्हणायचा, गाडी काढून टाक एकदाची.

"गाडीचं काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "क्लच मी लवकर सोडला."

"इतकं खरं बोलून विकणारं घर पुण्यात पहिल्यांदाच पाहतोय. मी आमोद. बुधवार पेठेत अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. गाडी बघायला येऊ?"

रविवारी तो आला. तिनं गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच गर्दीत तापमानाचा काटा वर सरकू लागला.

"हे यादीत नव्हतं," आमोद म्हणाला.

"बाबांनी काही लपवलेलं नाही." तिचा आवाज ताठ झाला. "काचा खाली करा. हीटर लावतेय."

"मे महिन्यात?"

"इंजिनाची उष्णता आत ओढली की ते वाचतं. घामाची लाज वाटत असेल तर उतरा."

तो उतरला नाही. दोघं निथळत बसले... काटा हळूहळू खाली आला.

"शिकवलंय कुणी?"

"बाबांनी." तिची मान आपोआप उंच झाली.

कडेला थांबून त्यानं फ्यूज काढला. आतली तार काळी पडली होती, इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याच्या जोडणीत पाणी होतं.

"काल मी पाइपनं इंजिन धुतलं," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही बघायला येणार म्हणून."

"म्हणजे... नटवलंत?"

तिनं काचेवरचा कागद सोडवला आणि बाबांच्या अक्षराखाली लिहिलं – पंखा बंद. चूक मुलीची. मग पुढची ओळ तिला दिसेना. आमोद पाठ फिरवून ती जोडणी पुसत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ.

"विकायची नाहीये ना तुम्हाला?" त्यानं मागे न बघता विचारलं.

"नाही." हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. 'गाडी विकणे आहे' ही कागदावरची पहिली ओळ तिनं खोडली.

पुढच्या रविवारी गाडीच्या वायपरखाली एक कागद होता.

'आमोद. वय तेहतीस. सकाळी चहाआधी बोलत नाही. घोरतो, असं त्याचा भाऊ म्हणतो. गाडी मिळणार नाही हे कळूनही आलाय. दर रविवारी येईल अशी लक्षणं आहेत. गुण सांगायची तुमच्याकडे पद्धत नाही, म्हणून थांबतो.'

तो फाटकाशी उभा राहून उगाचच समोरच्या इमारतीचे मजले मोजत होता.

"अक्षर भयंकर आहे," ती म्हणाली. "हे यादीत नाही."

"लिहा की." त्यानं पेन पुढे केलं.

"तपासल्याशिवाय आम्ही काही लिहीत नाही. बसा."

तिनं शेजारचं दार उघडलं. या घरात खरं बोलणारा माणूस पुन्हा आला होता. तिनं किल्ली फिरवली. क्लच जडच होता... आज तिनं तो अगदी सावकाश सोडला.