दहा लिटर जास्त

वैजयंता गुरव यांनी सकाळीच कपाट आणि दिवाण खोलीच्या मधोमध ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. आता त्या लोखंडी पत्रीने भिंतीचे पोपडे काढत होत्या. खरं तर भिंत घासून, लांबी भरून तयार करायचं काम रंगाच्या कंपनीचं होतं. पण मिरजेत चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवलेली बाई परक्याने घासलेल्या भिंतीवर विश्वास ठेवील होय? नवरा होता तेव्हा तो शिडीवर आणि या खाली रंग कालवायला. तो गेल्यावर शिडीवरही याच.

पुढच्या महिन्यात वैजयंताबाईंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि सारी भानगड तिथंच होती. नव्या नियमाप्रमाणे सत्तरीनंतर एकटं राहायचं तर परवाना लागे, आणि परवान्यासाठी निदान बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, एवढ्या दोन जागांना 'जागता रंग' लागे. रंग नाही, तर परवाना नाही. मग मुलाकडे जा, नाहीतर वृद्धनिवासात. निजायची खोली आणि न्हाणीघर मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलं होतं.

दिसायला हा रंग साधाच. फक्त त्यात डोळ्यांना न दिसणारे स्पर्शकण मिसळलेले असत. दोन हात देऊन भिंत वाळली की कणांचं एक जाळं तयार होई आणि अंगाची ऊब, पावलांची थरथर, श्वासाची लय टिपून मुलाबाळांच्या फोनवर पाठवी. माणूस पडला तर मिनिटाभरात गाडी दारात. चांगलंच की! पण शेजारच्या जनाकाकूंच्या भिंतीने त्यांचं रडणं मोजलं, दिवसाला बावीस मिनिटं, आणि परगावच्या मुलीने तिकडूनच गोळ्या सुरू केल्या. काकूंचा नवरा जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

कंपनीकडून मोजमापाला आलेली ओवी बिराजदार पंचविशीची होती. तिने वाटीएवढं मापयंत्र हवेत सोडलं. ते घुं घुं करत घरभर फिरलं आणि तिच्या हातातल्या पडद्यावर आकडा आला.

"मावशी, पंचवीस लिटर."

"किती?" वैजयंताबाईंनी पत्री खाली ठेवली. "पुन्हा सांग."

"पंचवीस. दोन हातांचे."

वैजयंताबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग ओवीकडे. "बाहेरची खोली बारा बाय चौदा, दहा फूट उंच. दारं-खिडकी वजा केली की साडेचारशे आणि वर थोडे. स्वयंपाकघर ओट्यावरची फरशी सोडून तीनशे. दोन हातांना लिटरमागं पन्नास फूट. पंधरा लिटर झाले. सांडलवंड धरून सोळा म्हण. पंचवीस कुठनं आले?"

"यंत्र चुकत नाही, मावशी."

"यंत्र चुकलं असं मी कुठं म्हणतेय? ते बिचारं खरं बोललं. जास्तीचे दहा लिटर म्हणजे पाचशे फूट. माझी निजायची खोली आणि न्हाणीघर धरून बरोब्बर तेवढं भरतंय. कुणाला विचारून?"

ओवी गोरीमोरी झाली. "तुमच्या मुलाने संमती भरलीय. सुमेधसरांनी. नियमाने नातेवाईक भरू शकतात."

"लाव त्याला फोन."

सुमेध बंगळुरूहून बोलला तो आधीच तयारी केल्यासारखा. "आई, हट्ट करू नकोस. माणसं न्हाणीघरातच पडतात."

"पडलेच की. पौषात, साबणावरून. दोन तास फरशीवर होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे दारात आले असते! त्या दोन तासांत मी रडले, तुझ्या बापाला मला टाकून गेला म्हणून शिव्या घातल्या, आणि मग नळाला धरून उठले. ते माझं माझ्यापाशी आहे. तुझ्या फोनवर ते 'घसरण, एक' म्हणून आलं असतं."

"मी घाबरतो गं, आई."

"घाबर ना बाबा. मीही घाबरते. म्हणून काय अंघोळीला भिंतीला साक्षीला बसवू?"

त्यांनी फोन ओवीच्या हातात दिला आणि तरातरा मागच्या मोरीकडे गेल्या. गच्चीला मारायला भिजवलेला चुना तिथं पिंपात तयार होता. बादलीभर चुना आणि कुंचा घेऊन त्या आल्या, पदर खोचला आणि निजायच्या खोलीच्या भिंतीवर सपासप हात मारू लागल्या. ओवी दारात उभी राहून बघत राहिली.

"अहो मावशी, चुन्यावर रंग धरत नाही!"

"जन्मभर गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आले. चुना खरवडल्याशिवाय रंगाला हात लावू नका, पापुद्रे सुटतील. आज पहिल्यांदा मुद्दाम चूक करतेय, करू दे मला."

खोली झाली, न्हाणीघर झालं. एप्रिलचं ऊन होतं; दीड तासात भिंती पांढऱ्याफेक वाळल्या. ओवीने यंत्र पुन्हा सोडलं. त्याने भिंतीला बोट लावल्यासारखा आपला दांडा घासला, दांड्यावर पांढरी भुकटी आली आणि पडद्यावर उमटलं : पृष्ठभाग अयोग्य. दोन्ही खोल्या वगळल्या. रंग, पंधरा लिटर.

"परवाना मिळेल ना?" वैजयंताबाईंनी विचारलं. एवढा वेळ न थरथरलेला आवाज आत्ता थरथरला.

"मिळेल. नियमात बैठक नि स्वयंपाकघरच आहे. पण तीन महिन्यांनी फेरतपासणी होते, मावशी."

"मग तीन महिन्यांनी पुन्हा मारीन. चुन्याला काय तोटा?"

ओवीच्या हातातला फोन पुन्हा वाजला; तिने तो वैजयंताबाईंपुढे धरला. सुमेध पलीकडून हळूच म्हणाला, "आई, निदान न्हाणीघरात धरायला दांडी तरी बसवतो."

"बसव की. दांडी बोलत नाही. ये आणि स्वतःच्या हाताने बसव."

फोन बंद झाला. ओवीने यंत्र पिशवीत घातलं, पण ती निघाली नाही. बादलीत उरलेल्या चुन्याकडे बघत तिने विचारलं, "मावशी, दहा बाय आठच्या खोलीला किती चुना लागेल?"

"कुणाच्या?"

"माझ्या. कंपनीचं वसतिगृह आहे. बाबांना रोज माझ्या झोपेचा तक्ता जातो."

वैजयंताबाईंनी कुंचा झटकला. "म्हणजे भिंतीला जागता रंगच आहे?"

"हो."

"मग नुसता चुना मारून भागायचं नाही, पोरी. त्या कणांना चुन्याआडूनही कळणार. आधी सगळा रंग खरवडून काढावा लागेल." त्यांनी पत्री उचलून तिच्यापुढे धरली. "आणि पहिला ओरखडा उठला की तुझ्या बापाला कळेल. चालेल तुला?"