बॅटरीचं काम इद्वलचं

हिवाळ्यासाठी कॅरॅव्हान, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, बंद करून ठेवायचं काम नेस्ता आणि इद्वल या नवराबायकोने एकतीस वर्षं वाटून घेतलं होतं. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या, नळ उघडे ठेवायचे, फ्रिजचं दार कपडा अडकवून किलकिलं ठेवायचं, ओल शोषायला मिठाचं भांडं मांडायचं, हे नेस्ताचं. बॅटरी इद्वलची. आतले दिवे, पाण्याचा पंप, चोरीचा भोंगा, सगळं त्या एका बॅटरीवर चाले. इद्वल तिच्या तारा सोडवून तिला घरी आणायचा, गॅरेजमधल्या फळीवर ठेवायचा आणि महिन्यातून एकदा न चुकता चार्जरला लावायचा. "बायकोला एक वेळ उपाशी ठेवेन, हिला नाही," असं तो पाहुण्यांना सांगे, आणि त्यात नवीन काय, असं नेस्ता विचारी.

इद्वल ऑगस्टमध्ये गेला. ऑक्टोबरमध्ये नेस्ताने आपली कामं नेहमीसारखी केली आणि बाला गावावरच्या टेकडीवर, ग्विलिम प्यूच्या शेतातल्या आवारात, इतर तीसेक कॅरॅव्हानांच्या रांगेत आपली कॅरॅव्हान सोडून ती घरी आली. उरलेलं काम आता कोण करणार, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आलं ते जानेवारीत, गॅरेजमध्ये फावडं शोधताना. फळी रिकामी होती. नेस्ता तिथेच पालथ्या बादलीवर बसली. भोंगा दीड-दोन महिन्यांत बॅटरी पिऊन टाकतो आणि रिकामी बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठून फुटते. शाळेच्या प्रयोगशाळेत तिने जन्म काढला होता, हे तिला कोणी सांगायला नको होतं. इद्वलने जिवापाड जपलेली वस्तू आपण मारली, या विचाराने तिला रडू कोसळलं. दफनाच्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

"आई, विकून टाक ना," लेक एलेरी फोनवर म्हणाली. "तू कधी गाडीला जोडून ओढली तरी आहेस का ती? शनिवारी श्रूजबरीहून एक जोडपं बघायला येतंय. मी बोलून ठेवलंय."

"येऊ देत," नेस्ता म्हणाली. विकायची तिची तिळमात्र इच्छा नव्हती. पण नाही म्हणायला कारणही सापडत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती मीटर आणि पाना घेऊन टेकडीवर गेली. ग्विलिम मेंढ्यांना गवत टाकत होता.

"आज दिवसाउजेडी होय?"

"बॅटरी राहिली रे आत."

"मग येताना फुलं तरी आणायचीस. एव्हाना मेली असेल ती."

सगळ्या कॅरॅव्हान गोठलेल्या दहिवराने पांढऱ्या झाल्या होत्या. नेस्ताच्या कॅरॅव्हानचीही तीच गत होती, फक्त कडेच्या बॅटरीच्या कप्प्याचं झाकण कोरडं होतं. तिने मीटर लावलं. १२.७ व्होल्ट. म्हणजे काठोकाठ भरलेली. मीटर बिघडलं असेल म्हणून तिने ते आपल्या मोटारीच्या बॅटरीला लावून पाहिलं. मीटर ठीक होतं. परत येऊन लावलं. १२.७.

"ही कोणी चार्ज केली?"

"इथे वीज आहे कुठे? आणि फाटकाच्या किल्ल्या माझ्याकडे नि तुम्हा मालकांकडेच." ग्विलिमने टोपी मागे सारली. "दिवा मात्र लागतो. चारच्या सुमारास, अंधारायला लागलं की. मला वाटलं, तूच कंदील घेऊन येऊन बसत असशील. म्हटलं, बसू दे बिचारीला."

"मी ऑक्टोबरनंतर आज येतेय, ग्विलिम."

नेस्ताने तारा सोडवल्या आणि ग्विलिमने बॅटरी उचलून तिच्या गाडीत ठेवली. मग कितीतरी वेळ तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

"गरम आहे गं," तो म्हणाला.

घरी फळीवर ठेवून तिने पुन्हा मोजली. ३ व्होल्ट. चार्जरने घ्यायलाच नकार दिला. शुक्रवारी बालातल्या बॅटरीवाल्याने ती उलटीसुलटी करून तळाची चीर दाखवली.

"गोठून फुटलीय, मावशी. कित्येक महिन्यांत हिला कोणी हात लावलेला नाही. टाकून द्या."

तिने ती त्याच्याकडेच टाकली.

शनिवारी श्रूजबरीचं जोडपं वेळेवर आलं. दोघंही सालस होती, बूट झाडून आत चढली. दुपारचे साडेतीन झाले होते आणि बाहेर धुकं दाटत होतं.

कोपऱ्यातल्या बैठकीवरचा दिवा लागलेला होता.

"छान ऊब आहे आत," बाई म्हणाली.

दाराशेजारच्या, बॅटरीचे व्होल्ट दाखवणाऱ्या पट्टीवर हिरवे आकडे दिसत होते. १२.७.

"बॅटरी कितीची बसवलीय?" नवऱ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर जाऊन कप्पा उघडला.

बाहेर कप्प्याचं झाकण दोनदा आपटलं.

तो दारात परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "कप्प्यात काहीच नाही," तो म्हणाला. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "चल, मेगन."

"माफ करा हं," नेस्ता म्हणाली. "तुम्हाला उगाच खेप पडली. मला विकायची नाहीये."

तिला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला होता. इद्वल आपलं काम करत होता. आता तिचं काम तेवढं राहिलं होतं.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर ग्विलिम आला, पण पायरीपाशीच थांबला.

"मला ही ओढायला शिकव," नेस्ता म्हणाली. "तुझ्या खालच्या वावरात."

"फाटक मोडशील."

"मोडेन. ईस्टरला बोर्थच्या समुद्रावर जायचंय."

"एकटी?"

नेस्ताने एक गादी आडवी केली आणि ती बसली. समोरच्या पट्टीवरचा आकडा बदलला होता. १३.८.

इतका आकडा चार्जरला लावल्याशिवाय येत नाही.