शून्य नमुन्याचं जावळ

केशवाचकाच्या काचेखाली एक केस ताणून धरलेला होता. दोन वर्षांमागच्या एका बाळाचा, जावळातला. लेझरचा ठिपका मुळाकडून टोकाकडे सरकत होता. केसाचा एकेक कण जळून वाफ होत होता आणि त्या वाफेत काय काय आहे हे यंत्र पडद्यावर रेघेत उतरवत होतं. मूळ म्हणजे जावळ काढल्याचा दिवस. टोक म्हणजे बाळ पोटात होतं तेव्हाचे महिने. मधल्या जागेत बाळाचं पहिलं वर्ष, दिवसांच्या हिशेबानं.

"मॅडम, आला बघा," इरफान तांबोळी म्हणाला. "परत तिथंच."

डॉ. हेमांगी निकम खुर्ची सरकवून पुढे झाल्या. सपाट चाललेली रेघ एका जागी टेकडीसारखी उठली होती आणि थोड्या अंतरानं पुन्हा खाली बसली होती.

"कितवा नमुना?"

"एकेचाळिसावा. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

कादवा द्राक्ष संशोधन केंद्राची ही प्रयोगशाळा हेमांगीबाईंनी उभी केली होती. माघाररेणूही त्यांचाच. द्राक्षावरचं हे बुरशीनाशक फवारल्यावर पंधरा दिवस घडात राहायचं, बुरशी मारायचं आणि मग फळातून माघार घ्यायचं. वेल थंडीआधी जशी पानांतली साखर लाकडात साठवते, तसाच हा रेणू साखरेच्या एका कणाला जोडला जाऊन लाकडात निघून जायचा. काढणीच्या दिवशी घडात अवशेष शून्य. परदेशातून एकही पेटी परत येईना. शेतकरी त्याला 'माघारी' म्हणू लागले. चार गावांत चाचणी झाली, दोन वर्षांपूर्वी तात्पुरता परवाना मिळाला आणि आज तीन लाख एकरांवर माघारी फवारली जात होती. परवाना कायम करायचा की नाही, यावर शुक्रवारपर्यंत हेमांगीबाईंनी अभिप्राय द्यायचा होता. रेणू त्यांचा आणि पारखही त्यांचीच, याला तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. त्यांनी स्वतःही नाही.

अभिप्राय लिहूनही झाला असता. पण चाचणीच्या चार गावांतून एक तक्रार आली. तिथली तीन-साडेतीन वर्षांची एकेचाळीस मुलं उंच पट्टीचे आवाज ऐकत नव्हती. हाक मारली की वळत. पैंजण, शिट्टी, पाखराचा आवाज मात्र त्यांच्या गावीही नसायचा. म्हणून त्याच मुलांची साठवलेली जावळं पुन्हा वाचायला काढली होती.

"फवारणीचा महिना ताडून पाहिलास?" हेमांगीबाईंनी विचारलं.

"पाहिला. जमत नाही. कुणी जूनमध्ये जन्मलंय, कुणी जानेवारीत. टेकडी मात्र जन्मापासून सव्वा महिनाच. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. पोटात असताना आईकडून आलेलं नाही, दुधातून आलं असतं तर पुढेही दिसलं असतं."

"आणि ज्यांच्या बागाच नाहीत ती घरं?"

"चारांतल्या शिरसमाळ गावच्या मजुरांची नऊ मुलं आहेत यात. त्यांची टेकडी थोडी जास्तच उंच."

हेमांगीबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. ज्याच्याकडे बाग नाही त्याच्या बाळाला औषध पोचतं, आणि तेही मोजून सव्वा महिना.

मंगल ताजणे दारात चपला काढत होत्या. चारही गावांच्या त्या आशाताई. जावळाचे नमुने त्यांनीच जमवले होते आणि त्यासाठी घरोघरी बोलणी खाल्ली होती. मामाच्या मांडीवर बसवून काढलेलं जावळ कणकेच्या गोळ्यात घालून नदीला सोडायचं असतं, डॉक्टरच्या बाटलीत नाही, असं त्यांना एकूण एक आजीनं सुनावलं होतं.

"मंगलताई, बरं झालं आलात," हेमांगीबाई म्हणाल्या. "बाळ जन्मल्यावर सव्वा महिना घरात असं काय करतात, जे नंतर बंद होतं?"

मंगलताई हसल्या. "ताई, तुम्ही काय बाळंतीण झालाच नाहीत का? बाळंतिणीचं तेल-पाणी, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, धुरी. आणि बाजेखाली शेक."

"शेक कशाचा?" इरफान मध्येच म्हणाला.

"शेगडीचा. का, तुमच्या यंत्राला पण द्यायचाय?" इरफानकडे बघत त्या म्हणाल्या. "दिवसभर धुमसतोय बिचारा."

"शेगडीत काय घालता, मंगलताई?" इरफाननं विचारलं.

"आता काय घालणार? पूर्वी गोवऱ्या असायच्या. आता गावात गुरं राहिली कुठं? काड्या घालतो. द्राक्षाच्या. छाटणी झाली की बांधावर ढीगच्या ढीग पडतात, बागवाले फुकट देतात. मजूर बाया तर मोळ्या बांधून नेतात, त्यांना दुसरं सरपण कुठलं? जाळ गोड असतो त्यांचा. धूर नाही, बाळाच्या डोळ्याला लागत नाही."

इरफाननं चाचणीचा जुना अर्ज उघडला.

"लाकूड," इरफान हळूच म्हणाला. "मॅडम, आपण लाकूड तपासलंच नाही."

नव्हतं तपासलं. चाचणीच्या अर्जात रकाने होते फळाचे, पानाचे, मातीचे, पाण्याचे. लाकूड कुणी खात नाही, म्हणून त्याचा रकाना नव्हता. फळ सोडलं की रेणू संपला, असंच सगळे धरून चालले होते. रेणू संपला नव्हता. तो फक्त तिथून निघून गेला होता.

"पण जाळल्यावर तो नष्ट नाही का होणार?" मंगलताईंनी विचारलं. "आगीत काय उरतं?"

"भडकलेल्या आगीत नाही उरत," हेमांगीबाई म्हणाल्या. "शेक भडकत नाही. काडी आधी नुसती तापते, धुमसते. तेवढ्या उष्णतेत साखरेची जोड तुटते आणि मूळ रेणू वाफ होऊन सुटतो. ज्वाला यायच्या आधीच. त्याला रंग नाही, वास नाही."

"वर बाळ असतं," मंगलताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती.

इरफाननं केंद्राच्या मळ्यातून चार काड्या आणवल्या. प्रयोगशाळेच्या काचबंद धूरकपाटात मातीच्या शेगडीत मंगलताईंनी स्वतः त्या रचल्या. काडी कशी मोडायची, राख किती टाकायची, हे त्यांनाच ठाऊक होतं. सातव्या मिनिटाला संवेदकाचा आकडा हलला. अकराव्या मिनिटाला तो मोजपट्टीच्या बाहेर गेला. काड्यांना अजून ज्वाला लागली नव्हती.

मंगलताईंनी पिशवी उचलली.

"कुठे निघालात?"

"आत्ता माझ्याकडे सात बाळंतिणी आहेत, ताई. पौषातली थंडी, सातही घरी शेगडी पेटलेली असणार."

"लेखी सूचना काढते मी तासाभरात."

"काढा तुम्ही. मी शेगड्या काढते." चपला घालता घालता त्या थांबल्या. "कानांचं काय? ते येतील का परत?"

"नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "आतल्या पेशी एकदा मेल्या की नव्या येत नाहीत. कानाला यंत्रं लावता येतील. लवकर लावली तर उपयोग होतो."

मंगलताईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. सूचना लिहून, सही करून, जिल्ह्याला पाठवून हेमांगीबाई परत आल्या, तेव्हा इरफान त्यांचाच दोन वर्षांपूर्वीचा अहवाल उघडून बसला होता.

"मॅडम, एक गोष्ट बसत नाही. केस तेच, यंत्र तेच. मग दोन वर्षांपूर्वी ही टेकडी आपल्याला का नाही दिसली?"

"तेव्हा यंत्र नवं होतं."

"मी तेव्हाची मोजणी परत चालवून पाहिली. यंत्र बरोबर होतं. बदललाय फक्त शून्य नमुना."

शून्य नमुना म्हणजे स्वच्छ बाळाचं जावळ. केशवाचक प्रत्येक केस त्याच्याशी ताडून पाहतो आणि फक्त फरक दाखवतो. जुना नमुना संपला, म्हणून इरफाननं या वेळी दापोलीच्या एका बालरुग्णालयामार्फत बारा बाळांची जावळं मागवली होती. तिकडे द्राक्षं नाहीत.

"आणि हे बघा, तुमची तळटीप," तो म्हणाला आणि वाचू लागला. "'पहिल्या सव्वा महिन्यात चारही गावांचं मापन शून्याच्या किंचित खाली; यंत्रदोष, दुर्लक्षणीय.' मॅडम, शून्याच्या खाली कसं जाईल? शून्य नमुन्यातच माघारी असेल तर जाईल. त्याच सव्वा महिन्यात, आणि गावातल्या पोरांपेक्षा जास्त."

हेमांगीबाईंनी ती तळटीप स्वतः पुन्हा वाचली.

"नोंदवहीत नुसतं 'शून्य एक ते बारा' लिहिलंय," इरफान म्हणाला. "बाराही बाळांना एकसारखाच डोस? असं होत नाही. कुठून आणली होती जुनी जावळं?"

बारा बाळं नव्हती. नियम बाराचा होता; पण अहवालाची मुदत आठवड्यावर आली तरी बागांबाहेरचं एकही जावळ मिळेना. जो तो नदीला सोडून मोकळा. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी एक जावळ निघालं. नाशकातला फ्लॅट, सात पिढ्यांत द्राक्षाची बाग नाही, याहून स्वच्छ बाळ कुठलं मिळणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती बट घरून आणली आणि बारा कुप्यांत वाटली. लेकीची लेक, शमिका.

त्याच्या वर्षभर आधी ऋजुता बाळंतपणाला आईकडेच आली होती. जानेवारी होता. गॅलरीत शेगडी पेटवायची, तर शहरात सरपण मिळेना. हेमांगीबाईंनी केंद्राच्या प्रयोगमळ्यातून तीन मोळ्या गाडीच्या डिकीत टाकून नेल्या होत्या. त्या मळ्यावर चाचणीसाठी दुप्पट मात्रा फवारलेली होती. तिथली द्राक्षं नियमाप्रमाणे खड्डा खणून पुरली होती, त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली. काड्यांबद्दल नियमात काही नव्हतं. 'बघ, धूर म्हणून नाही,' असं त्या ऋजुताला कौतुकानं म्हणाल्या होत्या.

एकेचाळीस मुलांच्या नुकसानातून त्यांच्या नातीचं नुकसान वजा झालं होतं आणि उरलं होतं उणे. त्या उण्यावर तीन लाख एकर उभे होते.

"इरफान," त्या म्हणाल्या, "नोंदवही दे."

त्यांनी बाराही ओळींसमोर एकच नाव लिहिलं, नातं लिहिलं, पत्ता लिहिला. खाली सही आणि आजची तारीख. इरफाननं वाचलं आणि वही मिटली नाही.

"मॅडम, शमू तर बोलते की चांगली. मागच्या दिवाळीला आली होती इथं, माझ्याशी किती भांडली."

"तोंडाकडे बघत भांडली का?"

तो आठवू लागला. हेमांगीबाईंना आठवायची गरज नव्हती. बोलता बोलता आपण दुसरीकडे पाहिलं की शमू हनुवटी धरून आपलं तोंड स्वतःकडे फिरवायची. घरात सगळे हसायचे. 'आजीवर दादागिरी चालते हिची,' असं जावई म्हणायचे, आणि हेमांगीबाईंना ते भारी आवडायचं. जगात आपलं तोंड इतक्या हक्कानं फिरवणारं दुसरं कुणी नाही, असं त्यांनी मैत्रिणींनाही सांगितलं होतं.

त्यांनी ऋजुताला फोन लावला.

"आई? आत्ता? बरी आहेस ना?"

"बरी आहे. शमूला उद्या कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. सगळं सांगते. आधी तिला दे जरा."

"अगं, ती अशी नाही बोलत फोनवर, तुला माहितीये की." ऋजुता हसली. "तिला तू दिसावी लागतेस. कॅमेरा चालू कर."

हेमांगीबाईंनी मोबाईल समोर धरला. पडद्यावर आधी कपाळ आलं, मग दोन डोळे, त्यांच्या ओठांवर खिळलेले. दिसावं म्हणून त्या उजेडाकडे वळल्या आणि एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवत बोलू लागल्या.