मल्लम्माचं गाव

लातूर जिल्हा नवा झाला त्याला तीन वर्षं झाली. जळकोटजवळच्या त्या गावात मात्र नवं म्हणून फक्त टँकर आला, तोही मर्जी झाली तर. एरवी रुद्राणी आणि तिची धाकटी बहीण जगदेवी रोज सकाळी कोसभर लांबच्या झऱ्यावर घागरी घेऊन जायच्या. तिथंच एक अनोळखी पोरगी त्यांच्याबरोबर चालू लागली.

तिची भाषा कुणाला कळायची नाही. पण दुष्काळी कामावर कुठकुठली माणसं आली होती, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. "तेलगू असंल," असं म्हणून आई, महादेवी, मोकळी झाली. तिचं माहेर बिदरकडचं, मराठीखेरीज तिला कानडीच तेवढी येई, आणि ही कानडी नव्हे एवढं तिला कळलं होतं. जगदेवीनं त्या पोरीला मल्लम्मा म्हणायला सुरुवात केली आणि दोघींचं चांगलंच गूळपीठ जमलं.

रुद्राणी उदगीरला अकरावी सायन्सला होती, उन्हाळी सुट्टीला घरी आलेली, आणि स्वभावानं संशयी. भर उन्हात मल्लम्माला घाम येत नाही, घागर भरते पण घोटभर पाणी पीत नाही, हे तिनं हेरलं होतं. शेजारची पार्वतम्मा देगलूरची, तेलगू बोलणारी. रुद्राणीनं सरळ तिलाच गाठलं.

"तेलगू? न्हाई गं बाई," पार्वतम्मा म्हणाली. "मला वाटलं, तुमची कानडी हाय."

तेलगूही नाही, कानडीही नाही, रुद्राणीनं मनाशी नोंदलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मल्लम्माला खुणेनं गाव विचारलं. सकाळची वेळ होती. मल्लम्मानं बोट सरळ डोक्यावर केलं. दुपारी विचारलं तर मावळतीकडं. दिवस बुडताना पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं पायाखालची जमीन दाखवली.

"येडी हाय," जगदेवी हसली.

रुद्राणीला हसू आलं नाही. तिन्ही वेळा तो हात जराही अडखळला नव्हता; ते गाव जणू चांदणीसारखं आभाळातून फिरत होतं.

"अक्का, मी जाणार हाय तिच्या गावाला," जगदेवी म्हणाली. "उद्याच. तिथं पाणी लई हाय म्हणं."

"तुला कोण म्हणालं?"

"तीच की. तिचं बोलणं कळायलंय आता. थोडं थोडं."

त्या क्षणी रुद्राणी खरोखर घाबरली. सकाळी तिनं जगदेवीला आईच्या हवाली केलं, तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देऊ नकोस म्हणून बजावलं, आणि एकटीच झऱ्यावर गेली.

मल्लम्मा वाट बघत होती.

"माझ्या बहिणीला सोड," रुद्राणी म्हणाली. "तिच्याशिवाय आई जगायची नाही."

मल्लम्मानं हातातली घागर खाली ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "तिला नाही नेत."

इतक्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. रुद्राणीचा जीव भांड्यात पडला. भरली घागर घेऊन ती जवळजवळ पळतच घरी आली.

"आई, नाही नेणार ती जगदेवीला. मी सांगितलं तिला."

महादेवीचे हात परातीतल्या पिठात थांबले.

"काय बोलायलीस गं?"

रुद्राणीनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

महादेवीनं घाबरून जगदेवीकडं पाहिलं. जगदेवी कान देऊन ऐकत होती.

"नीट कळंना, आई," ती म्हणाली. "अक्का मल्लम्मावानी बोलतीया."

मल्लम्मा दारात येऊन उभी होती. तिनं रुद्राणीच्या कमरेवरची घागर हळूच उतरवून उंबऱ्यापाशी ठेवली आणि तिचा हात धरला.